खिशात किती, घरात किती

मार्च २०२५ अखेरीस भारतात चलनात असलेल्या नोटा आणि नाणी यांचे एकूण मूल्य सुमारे ३७ लाख कोटी रुपये होते. ही रक्कम लोकसंख्येत समान वाटली, तर तान्ह्या बाळासकट प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २५ हजार रुपये येतात आणि चौघांच्या कुटुंबाकडे एक लाखाची रोकड असायला हवी, असे गणित निघते. प्रत्यक्षात लोकलने कामावर जाणारा कारकून, आठवडी बाजाराला आलेला शेतकरी किंवा महाविद्यालयात शिकणारी मुलगी यांच्यापैकी कोणाच्याही खिशात वा पर्सेत एरवी याच्या दहाव्या हिश्शाइतकेही पैसे सापडणार नाहीत. मग उरलेली रोकड कुठे असते आणि जी थोडी खिशात असते तिचे प्रमाण कशावर ठरते, या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असली तरी ती एक नाहीत. खिशातली रोकड आणि घरातली रोकड यांना एकच गोष्ट समजल्यामुळे रोखीविषयीच्या बऱ्याचशा सार्वजनिक चर्चेत गोंधळ माजतो.

रिझर्व्ह बँकेच्या आणि सरकारी खजिन्याच्या बाहेर असलेल्या सर्व नोटा-नाण्यांना चलनातील रोकड म्हणतात. तिचा काही भाग बँकांच्या तिजोऱ्यांत आणि एटीएम यंत्रांत असतो, काही दुकानांच्या गल्ल्यांत असतो, मोठा भाग कपाटांत, डब्यांत आणि पेट्यांत मुक्काम ठोकून असतो, आणि या सगळ्यांतून जो पातळ ओघ रोजच्या रोज हातोहात फिरतो तोच माणसांच्या खिशातून जातो. यांपैकी पहिल्या भागाचा हिशोब बँकांच्या ताळेबंदात मिळतो. खिशातल्या रोकडीची नोंद मात्र कुठेच होत नाही, त्यामुळे ती मोजायची तर माणसांनाच विचारावे लागते.

नुसते विचारून भागत नाही, कारण ‘तुमच्याजवळ साधारण किती पैसे असतात’ या प्रश्नाला लोक जे उत्तर देतात त्यात स्मरणापेक्षा प्रतिष्ठेचा किंवा सावधपणाचा भाग अधिक असतो. म्हणून अनेक देशांच्या मध्यवर्ती बँकांनी रोजनिशीची पद्धत स्वीकारली. या पद्धतीत निवडलेल्या व्यक्तीने ठरावीक दिवस, बहुधा एक ते तीन, प्रत्येक खर्च कशाने केला आणि त्या वेळी पाकिटात किती रक्कम होती हे टिपायचे असते. शिवाय अंगावरची रोकड आणि घरात वा गाडीत ठेवलेली रोकड यांची नोंद वेगवेगळी करायची असते. अशा नोंदींनुसार अमेरिकेतील प्रौढ व्यक्ती गेल्या काही वर्षांत सरासरी ६० ते ७० डॉलरच्या आसपास रक्कम अंगावर बाळगते, तर जर्मनीत ही सरासरी सुमारे १०० युरो आढळली आहे. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, कॅनडा, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि अमेरिका या सात देशांच्या रोजनिशी-नोंदींची तुलना मध्यवर्ती बँकांच्या अर्थतज्ज्ञांनी एकत्र येऊन केली, तेव्हा जर्मन आणि ऑस्ट्रियन पाकिटे इतरांच्या मानाने ठळकपणे जाड निघाली. हे सातही देश सधन आणि बँकांनी व्यापलेले असल्यामुळे या फरकाला गरिबी किंवा अडाणीपणा हे कारण देता येत नाही. छोट्या दुकानांत कार्ड चालत नसे हे एक कारण होतेच, पण जर्मनीतील संशोधकांनी दुसरेही एक दाखवून दिले : पाकिटात डोकावले की महिन्याचे किती उरले हे क्षणात कळते, आणि ज्यांना खर्चावर काटेकोर लक्ष ठेवावे लागते ते या सोयीसाठी रोख पैसे पसंत करतात. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत पगार झाला की दूधवाला, वाणी, पेपरवाला आणि शाळेची फी यांची वेगवेगळी पाकिटे करण्याची जी रीत दीर्घकाळ चालत आली, तिच्यामागे हाच हिशोब होता.

भारतात रिझर्व्ह बँकेने २०१८-१९ मध्ये मुंबईसह सहा शहरांत लोकांच्या पैसे देण्याच्या सवयींची पाहणी केली, तिच्यात ५०० रुपयांपर्यंतच्या खर्चासाठी लोक प्रामुख्याने रोख रक्कम वापरत असल्याचे आढळले. ही पाहणी आता जुनी वाटते, कारण पुढच्या पाच-सहा वर्षांत नेमका हाच छोटा खर्च फोनवर गेला. तो बदल समजण्यासाठी आधी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

माणूस किती रोकड बाळगतो हे ठरवणारी सर्वात जुनी मर्यादा वजनाची होती. ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळ्याचा किंवा ११.६६ ग्रॅमचा असे. त्यामुळे एक हजार रुपये नेणे म्हणजे साडेअकरा किलोंहून अधिक धातू वाहणे होय. त्याखाली १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै अशी उतरंड असल्याने बाजारहाट करणाऱ्याकडे रुपयांपेक्षा तांब्याची नाणीच अधिक असत. कमरेला बांधायचा कसा, धोतराची किंवा लुगड्याची कनवट, पदराची गाठ, पानसुपारीच्या चंचीचा आतला कप्पा, बंडीचा चोरखिसा ही सारी साधने या चिल्लरीच्या मापाने घडलेली आहेत. मोठी रक्कम जवळ बाळगायची नाही, हा व्यापाराचा पहिला नियम होता आणि त्यासाठीच हुंडी होती. एका गावच्या पेढीवर पैसे भरून चिठ्ठी घ्यायची आणि दुसऱ्या गावच्या पेढीवर ती दाखवून रक्कम उचलायची, या व्यवस्थेत रस्त्यावरून फक्त कागद प्रवास करीत असे.

१८६१ च्या कायद्याने सरकारी नोटा आल्यावरही प्रश्न लगेच सुटला नाही. देशाचे नोटांच्या दृष्टीने विभाग पाडलेले होते आणि एका विभागाची नोट दुसऱ्या विभागात वटवून मिळेल याची कायदेशीर हमी सुरुवातीला नव्हती. टपालाने नोटा पाठवताना त्या मधोमध कापून आधी एक अर्धा भाग पाठवण्याची आणि तो पोहोचल्याचे कळल्यावर दुसरा रवाना करण्याची पद्धत रूढ होती. चोराच्या हाती एकच अर्धा लागला तर तो निरुपयोगी ठरावा, हा त्यातला हेतू. सामान्य माणसाच्या हातात कागदी पैसा खऱ्या अर्थाने आला तो पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण भासू लागल्यावर, नोव्हेंबर १९१७ मध्ये निघालेल्या एक रुपयाच्या नोटेमुळे. वजनाची मर्यादा त्या नोटेने संपवली. आज ५०० रुपयांच्या शंभर नोटांचे बंडल, म्हणजे ५० हजार रुपये, शर्टाच्या खिशात मावते, पण कोणी ते तिथे ठेवत नाही. वजन हटल्यावर मर्यादा कोणती उरली, याचा शोध घेणे अर्थशास्त्रज्ञांकडे आले.

जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये पैसा हाताशी ठेवण्याची तीन कारणे वेगळी केली. रोजच्या देण्याघेण्यासाठी लागतो तो व्यवहार हेतू, अचानक उद्भवणाऱ्या गरजेसाठी लागतो तो दक्षता हेतू आणि व्याजदरांच्या चढउतारावर डोळा ठेवून राखला जातो तो सट्टा हेतू. तिसरा खिशाच्या बाबतीत सोडून देता येतो. पहिल्याचे नेमके गणित विल्यम बॉमोल यांनी १९५२ मध्ये आणि जेम्स टोबिन यांनी १९५६ मध्ये मांडले. बॉमोल यांनी त्यासाठी गोदामातील मालसाठ्याचा हिशोब उचलला. माल फार आणून ठेवला तर पैसे अडकतात, थोडा थोडा आणला तर फेऱ्यांचा खर्च वाढतो; रोकडीचेही तसेच आहे. बँकेतून एकदम मोठी रक्कम काढली तर खात्यावरचे व्याज बुडते, लहान लहान रकमा काढल्या तर वारंवार फेरी पडते. या दोन खर्चांची बेरीज जिथे सर्वात कमी होते ती काढण्याची योग्य रक्कम. त्यांच्या सूत्राप्रमाणे महिन्याचा रोख खर्च आणि एका फेरीचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करायची, तिला महिन्याच्या व्याजदराने भागायचे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढायचे. वर्गमुळाचा अर्थ असा की खर्च चौपट झाला तर जवळ बाळगायची रक्कम फक्त दुप्पट होते; श्रीमंताचे पाकीट त्याच्या खर्चाच्या प्रमाणात फुगत नाही.

हे सूत्र भारतीय आकड्यांवर लावून पाहणे उद्बोधक आहे. एखाद्या शहरी कुटुंबाचा महिन्याचा रोख खर्च २० हजार रुपये, एटीएमपर्यंतच्या फेरीची आणि वेळेची किंमत २० रुपये आणि बचत खात्याचे व्याज वर्षाला ३ टक्के, म्हणजे महिन्याला पाव टक्का, असे धरले तर सूत्र एका वेळी सुमारे १७,९०० रुपये काढायला सांगते. म्हणजे महिन्याचे जवळजवळ सगळे पैसे पहिल्याच दिवशी. असे फार थोडे लोक करतात, आणि त्यांचे हे वागणे अविचाराचे नाही. चुकते ते सूत्रात घातलेले व्याज. बचत खात्याचे तुटपुंजे व्याज बुडेल या भीतीने कोणी खिशातली रक्कम कमी ठेवत नाही; पाकीट मारले जाईल, हरवेल, कोणी हातउसने मागेल आणि नाही म्हणता येणार नाही, किंवा पैसे दिसताहेत म्हणून खर्च होऊन जातील, ही खरी भीती असते. या सगळ्या जोखमीची किंमत महिन्याला दोन टक्के धरली की तेच सूत्र १७,९०० ऐवजी सुमारे ६,३०० रुपये सांगते, आणि हा आकडा ओळखीचा वाटू लागतो.

फेरीची किंमत बदलली की चित्र आणखी पालटते. ज्या गावात बँकेची शाखा नाही, तिथल्या मजूर बाईला तालुक्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते आणि प्रवासाचे पैसे वेगळे जातात. मजुरी ३०० आणि प्रवासखर्च २० रुपये धरले, तर तिची एक फेरी शहरातल्या माणसाच्या फेरीपेक्षा सोळापट महाग ठरते आणि वर्गमुळाच्या नियमाने एका वेळी काढायची रक्कम चौपट होते. महिन्याचा खर्च पाच हजारांचा असेल तर सूत्राचा आकडा खर्चाच्याही पुढे जातो, म्हणजे जे आहे ते सगळे एकाच वेळी काढून आणावे. २०२४ पासून मुख्यमंत्री लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये स्त्रियांच्या खात्यांत जमा होऊ लागल्यावर बँकांसमोर रांगा लागल्या, तेव्हा पैसे खात्यात न ठेवता लगेच काढून घेण्याच्या सवयीवर शहरी टीकाकारांनी नाके मुरडली. दोन टप्प्यांत ७५०-७५० रुपये काढायला सांगणे म्हणजे त्या बाईला आणखी एका दिवसाची मजुरी सोडायला सांगणे, हे या टीकेत कोणी हिशोबात धरले नाही. गावातच अंगठा लावून पैसे देणारा बँकमित्र नेमला जातो, तिथे फेरीची किंमत उतरते आणि रक्कम तुकड्यातुकड्यांनी काढणे परवडू लागते.

बॉमोल यांच्या सूत्रात आणखी एक उणीव आहे. त्यानुसार माणसाने पाकीट पूर्ण रिकामे होईपर्यंत थांबावे आणि मगच पुन्हा पैसे काढावेत. फर्नांदो आल्वारेझ आणि फ्रान्चेस्को लिप्पी या अर्थशास्त्रज्ञांनी इटलीतील कुटुंबांच्या पाहणीवरून २००९ मध्ये दाखवले की लोक पाकिटात बऱ्यापैकी शिल्लक असतानाच पुन्हा पैसे काढतात. याची दोन कारणे त्यांनी दिली. एक म्हणजे जाता-येता वाटेत यंत्र दिसले की फेरी जवळजवळ फुकट पडते, म्हणून संधी साधली जाते. दुसरे म्हणजे शून्यापाशी पोचण्याचीच लोकांना धास्ती असते. या दुसऱ्या कारणातून केन्स यांचा दक्षता हेतू पुन्हा समोर येतो. खिशातल्या रकमेचा तळ खर्चाच्या अंदाजाने ठरत नाही, तर पैसे नेमके हवे त्या वेळी मिळणार नाहीत या शक्यतेने ठरतो.

एकूण रकमेइतकेच महत्त्व ती कोणत्या नोटांत आहे याला असते आणि रोजच्या जीवनातला खरा त्रास इथेच आहे. मार्च २०२४ मध्ये चलनातील नोटांच्या एकूण मूल्यात ५०० रुपयांच्या नोटांचा वाटा ८६.५ टक्के होता. एटीएममधून प्रामुख्याने याच नोटा मिळत असल्याने, दोन हजार रुपये काढणाऱ्याजवळ चार कागद येतात आणि रिक्षावाल्यापुढे त्यांतला एकही चालत नाही. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगरात रिक्षाचे किमान भाडे २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये झाले. ३० रुपये दिले तर चार रुपये परत, ५० दिले तर चोवीस, आणि ५०० दिले तर वाद. एसटीच्या वाहकाने तिकिटामागे बाकी रक्कम लिहून देणे आणि प्रवाशाने उतरताना ती मागायला विसरणे, किराणा दुकानदाराने दोन रुपयांऐवजी गोळ्या हातावर ठेवणे, हे सारे या एकाच टंचाईचे आविष्कार आहेत. थोडक्यात, खिशात दोन हजार असले तरी त्यांतले खर्च करता येण्याजोगे किती, हा प्रश्न स्वतंत्र उरतो.

मोड नसलेली नोट खर्च होत नाही, याला मानसशास्त्राचाही दुजोरा आहे. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तेवढ्याच मूल्याची सुटी नाणी वा लहान नोटा हाती असलेल्यांपेक्षा एकच मोठी नोट असलेल्यांनी खर्च करण्याचे अधिक टाळले. नोट एकदा मोडली की पैसे कसे गेले ते कळत नाही, ही गृहिणींची जुनी तक्रार या प्रयोगांनी प्रमाणित केली म्हणायला हरकत नाही. आपला खर्च आवरण्यासाठी काही जण मुद्दाम मोठी नोट पाकिटाच्या मागच्या कप्प्यात ठेवतात, ते याच अनुभवामुळे.

नोटांच्या मालिकेत फट पडली तर काय होते, याचा देशव्यापी अनुभव नोव्हेंबर २०१६ मध्ये आला. सर्वसाधारणपणे १, २, ५ आणि त्यांच्या दहापटी अशी उतरंड ठेवली की कोणतीही रक्कम थोड्या नोटांत देता येते आणि मोडही सहज मिळते. त्या महिन्यात ५०० आणि १,००० च्या नोटा बाद होऊन २,००० ची आली, तेव्हा शंभरानंतर एकदम दोन हजार अशी वीसपटीची उडी तयार झाली. रांगेत तास घालवून मिळवलेली गुलाबी नोट हातात असूनही भाजी घेता येईना, कारण तिची मोड द्यायला शंभराच्या अठरा-एकोणीस नोटा भाजीवालीकडे नसत. नवी पाचशेची नोट पुरेशी पोहोचेपर्यंत आणि ऑगस्ट २०१७ मध्ये २०० रुपयांची नोट निघेपर्यंत ही फट बुजली नाही. पुढे एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने १०० किंवा २०० च्या नोटा देणारा किमान एक कप्पा बहुतांश एटीएममध्ये ठेवण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के, मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के यंत्रांची मुदत घातली. खिशातल्या रोकडीच्या दृष्टीने कितीतरी गाजलेल्या घोषणांपेक्षा हा रुक्ष आदेश अधिक उपयोगाचा आहे.

नाण्यांच्या बाबतीत टंचाई आणि अतिरेक दोन्ही एकाच वेळी नांदतात. १० रुपयांच्या नाण्याच्या खरेपणाविषयी अफवा पसरल्या आणि दुकानदार ते नाकारू लागले, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला त्या नाण्याचे चौदाही नमुने वैध असल्याचे जाहीर करावे लागले. दुसरीकडे, २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया व त्यावरील मूल्याची नाणी एका देण्यात एक हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर ठरतात, त्यामुळे देवळातील दानपेटीतून किंवा बसच्या गल्ल्यातून जमा झालेली पोतीभर चिल्लर खपवणे हा वेगळाच व्याप होऊन बसतो.

एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय प्रणालीने, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात फोनवरून तत्काळ रक्कम पाठवण्याच्या व्यवस्थेने, बॉमोल यांच्या सूत्रातली फेरीची किंमत जवळजवळ शून्यावर आणली. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातील यूपीआय व्यवहारांच्या संख्येने २,००० कोटींचा टप्पा ओलांडला. त्या महिन्यातील व्यवहारांचे सरासरी मूल्य बाराशे-साडेबाराशे रुपये निघते, परंतु सरासरी फसवी आहे; दुकानदारांना दिल्या जाणाऱ्या रकमांत बहुसंख्य ५०० रुपयांच्या आतल्या असतात. चहाची टपरी, वडापावची गाडी, फुलवाली, कटिंगचे दुकान या ठिकाणी, जिथे पूर्वी रोखीला पर्यायच नव्हता, तिथेच फोनने पैसे घेण्याचे फलक लागले आणि रक्कम आल्याचे ओरडून सांगणारे छोटे यंत्र वाजू लागले. नेमके २६ रुपये पाठवता येतात हे या व्यवस्थेचे मोठे आकर्षण ठरले. सुट्ट्यांची कटकट नसती तर शहरी माणूस इतक्या लवकर फोनकडे वळला असता का, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

या बदलाचा एक परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही. दुकानदाराचा गल्ला हा सुट्ट्या पैशांचा हौद असतो. दिवसभरात शेकडो हातांनी दहा-वीसच्या नोटा येतात आणि त्याच परत जातात. दहापैकी सात गिऱ्हाइके फोनने पैसे देऊ लागली की हौदात येणारी आवक आटते आणि उरलेल्या तिघांना द्यायला मोड शिल्लक राहत नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांना तो वापरता येत नाही किंवा ज्यांना मुलाच्या खात्यावर अवलंबून राहायचे नाही, अशा वृद्धांना आणि मजुरांना पूर्वीपेक्षा अधिक सुटे जवळ बाळगावे लागतात. बाजारातली रोकड कमी झाल्याने काहींच्या खिशातली रोकड वाढते, असा हा विचित्र मामला आहे.

फोन वापरणाऱ्यांचाही खिसा शून्यावर येत नाही. मार्च आणि एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय यंत्रणा काही काळ कोलमडली तेव्हा देशभर गिऱ्हाइके दुकानांसमोर ताटकळली, आणि त्यानंतर फोनच्या आवरणामागे पाचशेची एक नोट सरकवून ठेवण्याची सवय अनेकांनी अंगी बाणवली. संकट मोठे असेल तर एक नोट पुरत नाही. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमध्ये वीज आणि दूरध्वनी संपर्क दोन्ही तुटले, तेव्हा खात्यात किती आहेत याला अर्थ उरला नव्हता. त्याच पुरात एसटीच्या आगारप्रमुखांनी आगाराची सुमारे ९ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसून ती वाचवली. रोख पैशाचा हा दुसरा गुणधर्म, तो पाण्यात भिजतो आणि त्याची दुसरी प्रत नसते.

खिशाला वरच्या बाजूने कायदा मर्यादा घालतो, पण तीही आडवळणाने. किती रोकड जवळ बाळगावी याला भारतात सर्वसाधारण कायदेशीर कमाल मर्यादा नाही. मर्यादा आहे ती घेण्या-देण्यावर : २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख वा अधिक रक्कम रोख स्वीकारता येत नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात मात्र ५० हजारांहून अधिक रोकड घेऊन जाणाऱ्याला तिच्या उगमाचा पुरावा दाखवावा लागतो, आणि मग आडतीवर कांदा विकून परतणाऱ्या शेतकऱ्याला हिशोबपट्टी पैशांइतकीच जपून ठेवावी लागते.

घरातल्या रोकडीचे गणित या सगळ्याहून निराळे आहे. नोटाबंदीच्या आधी, नोव्हेंबर २०१६ च्या आरंभी, चलनातील रोकड सुमारे १८ लाख कोटी रुपये होती. यूपीआयची अफाट वाढ होऊनही साडेआठ वर्षांत ती दुपटीवर गेली. अर्थव्यवस्थाही याच काळात वाढली, त्यामुळे राष्ट्रीय उत्पन्नाशी तिचे प्रमाण कोविडच्या वर्षातील सुमारे १४ टक्क्यांवरून पुढे साडेअकरा टक्क्यांच्या आसपास उतरले, तरी लोक पैसे देताना रोखीचा वापर कमी करतात आणि ठेवताना तिचाच आधार घेतात, हे स्पष्ट दिसते. ठेवणीतल्या पैशांना फेरीची किंमत, सुट्ट्यांची चणचण, यूपीआयचा वेग यांच्याशी कर्तव्य नसते. ते आजारपणासाठी, लग्नकार्यासाठी, करचुकवेगिरीसाठी, आणि पुष्कळ घरांत नवऱ्याच्या नजरेआड राखलेल्या बाईच्या स्वतःच्या पुंजीसाठी असतात. २०१६ च्या त्या आठवड्यांत डाळ-तांदळाच्या डब्यांतून निघालेल्या पाचशेच्या नोटा नवऱ्यासमोर मांडण्याची वेळ असंख्य स्त्रियांवर आली.

खिसा आणि घर यांतला भेद नोटा बाद करण्याच्या किंवा मागे घेण्याच्या तीन प्रसंगांतून सर्वात चांगला कळतो. जानेवारी १९७८ मध्ये १,०००, ५,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा त्या सामान्य माणसाने क्वचितच पाहिलेल्या होत्या आणि बाजार सुरळीत चालू राहिला. २०१६ मध्ये रद्द झालेल्या नोटांचे मूल्य चलनाच्या सुमारे ८६ टक्के, म्हणजे १५.४४ लाख कोटी रुपये होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाचशेची नोट तोपर्यंत मजुराच्या आठवड्याच्या पगारात आणि भाजीवालीच्या गल्ल्यात पोहोचलेली होती, म्हणून घाव खिशावर बसला. १९ मे २०२३ रोजी २,००० रुपयांची नोट मागे घेण्याची घोषणा झाली. तेव्हा अशा नोटा ३.५६ लाख कोटी रुपयांच्या होत्या आणि त्यांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक पुढे बँकांत परतल्या. रक्कम लहान नव्हती, मुदतही दिलेली होती, तरी फरक पडला तो मुख्यतः या नोटा कपाटांत होत्या म्हणून. भाजीबाजार, एसटी आणि रिक्षाथांबे यांना त्या घोषणेची झळ फारशी लागली नाही. गुलाबी नोटांची गर्दी उसळली ती पेट्रोल पंपांवर आणि सराफांच्या दुकानांत.